उजव्या हातात

मर्नाने अहवालाचं दुसरं पान उलटलं, चष्मा नीट बसवला आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले. नजरेला नजर देऊन बोलतो. योग्य ठिकाणी विनोद करतो.'" तिने वर पाहिलं. "काय विनोद केलास रे?"

"थंडीवर काहीतरी," कर्टिस म्हणाला.

"आणि इस्त्री कुणी करायला सांगितली होती?" शेजारी बसलेली जोलीन म्हणाली. "मी म्हटलं होतं, घरी असतोस तसाच जा. दाढी वाढलेली, एका पायात मोजा, एक कुठे गेला पत्ता नाही."

"डॉक्टरकडे जायचं होतं, जोलीन."

"तेच तर. नवरा नीटनेटका बघायचा तर मला परकी बाई होऊन यावं लागेल."

मर्ना खळखळून हसली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, या लहानशा कचेरीत ती माजी सैनिकांचे दावे बघायची. त्याआधी सैन्यात तिने ट्रक दुरुस्त केले होते, आणि सरकारी अहवालाकडेही ती त्याच नजरेने बघे. कुठेतरी नट सैल असणार, तो फक्त सापडायला हवा.

हा अहवाल सरकारने नेमलेल्या मानसोपचार तज्ज्ञाचा होता. इराकहून परतल्यावर कर्टिस हॉलबर्गला युद्धाच्या आघाताने मानसिक विकार जडला आहे, म्हणून भत्ता मिळावा, असा दावा होता. तज्ज्ञाने लिहिलं होतं, विकार नाही. तेवढ्यावर दावा फेटाळला गेला.

"हे बघा, त्याने सगळा भार यावर टाकलाय," मर्नाने एका ओळीखाली बोट ठेवलं. "'दर रविवारी चर्चच्या दारात उभा राहून लोकांचं स्वागत करतो. सामाजिक जीवन उत्तम.'"

जोलीनचं हसू मावळलं. "त्याच्याने आत बसवत नाही म्हणून तो दारात उभा राहतो."

"हे डॉक्टरला सांगितलंस?"

"त्याने विचारलं नाही." कर्टिस टोपीची कड चोळत राहिला. "आणि त्याचं बरोबरही असेल. इतकी वर्षं उभा राहतोय मी तिथे. लोकांशी बोलतो. आजारी माणूस असं करतो का?"

जोलीनने मर्नाकडे पाहिलं. निकाल आल्यापासून तिला याचीच धास्ती होती. भत्ता मिळाला नाही तर तंगी सोसता आली असती. पण कर्टिसला डॉक्टरचं म्हणणं पटायला लागलं होतं. गुरुवारी समुपदेशकाकडे जाणं त्याने बंद केलं होतं.

"ऐक," मर्ना म्हणाली, "नवा पुरावा जोडला की त्यांना पुन्हा बघावंच लागतं. जोलीनचं निवेदन आलंय, झकास आहे. समुपदेशकाचं पत्र मी मागवते. आता मला दारात तुझ्याबरोबर उभा राहणारा माणूस हवा. बायकोचं लिहिलेलं वाचून ते म्हणतील, बायकोच ती. दारातल्या माणसाला काय म्हणणार?"

"ऑर्विल स्टेन्सरूड," कर्टिस म्हणाला. "पण ते बोलत नाहीत फारसे."

"बोलू दे नाही तर न बोलू दे. इथवर आण. बाकीचं मी बघते."

रविवारी रस्त्याच्या दोन्ही कडांना फावड्याने लोटलेल्या बर्फाचे ढीग होते. ऑर्विल नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन चर्चच्या आतल्या दाराशी उभा होता. उंच, किंचित वाकलेला, हातात प्रार्थनेच्या पत्रकांचा गठ्ठा. शाळेच्या ग्रंथालयात त्याचं आयुष्य गेलं होतं, आणि अजूनही तो पत्रकांच्या कडा पुस्तकांसारख्या जुळवायचा. तो व्हिएतनामला गेला होता एवढं गावाला ठाऊक होतं. त्यापुढचं कुणी विचारलं नव्हतं.

कर्टिस या कामाला लागला तेव्हा ऑर्विलने त्याला एकच नियम शिकवला होता. पत्रक समोरच्याच्या उजव्या हातात द्यायचं. त्याने हात पुढे केल्याशिवाय सोडायचं नाही.

ऑर्गन वाजवणारी लव्हर्न आत आली, तिने डावा हात पुढे केला. ऑर्विल हलला नाही.

"मी डावखुरी आहे, ऑर्विल. माझं लग्न झालं तेव्हापासून सांगतेय."

"ऐकतोय ना मी."

"माझा नवरासुद्धा तेवढंच करतो," लव्हर्न म्हणाली, आणि कोटाच्या खिशातून उजवा हात काढून तिने पत्रक घेतलं.

पहिलं गीत सुरू झालं तसे दोघे मागच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. डॉक्टरने काय लिहिलंय आणि मर्नाला काय हवंय, ते कर्टिसने हळू आवाजात सांगितलं. ऑर्विलची नजर बाकांवरून फिरत होती.

"स्वागत, असा शब्द आहे?"

"हो."

गीत संपेपर्यंत ऑर्विल उरलेल्या पत्रकांच्या कडा जुळवत राहिला. लोक खाली बसले, बाकं करकरली.

"उजव्या हातातच का द्यायचं, ते तू मला कधी विचारलं नाहीस."

"चर्चची पद्धत असेल असं वाटलं."

"चर्चची कसली. माझी आहे." त्याने घसा खाकरला. "तिकडून आलो, तो पहिला हिवाळा. लोक आत यायचे ते खिशात हात घालून. कोट एवढाले. आत काय आहे ते दिसायचं नाही. मला दारातून पळून जावंसं वाटायचं. मग सुचलं, काही दिलं की हात बाहेर येतो. बहुतेकांचा उजवाच कामाचा."

कर्टिसने स्वतःच्या हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं. बाहेर येणारा एकेक हात बघून आपला श्वास मोकळा होतो, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. ते फक्त आपल्यालाच होतं, असं तो समजत होता.

"हे लिहून द्याल?"

"बुधवारी येतो," ऑर्विल म्हणाला.

बुधवारी कर्टिस कचेरीत आला तो दुसऱ्या दिवसाची समुपदेशकाची वेळ ठरवूनच. मर्नाने नुसती मान हलवली आणि संगणक पुढे ओढला. ऑर्विल खुर्चीच्या टोकावर बसला आणि सावकाश, पूर्ण वाक्यांत सांगू लागला. प्रवचन चालू असताना कर्टिस पुन्हा पुन्हा उठून गाड्या लावतात तिथे बघून येतो. पत्रक देताना त्याची नजर समोरच्याच्या हातावर असते. ईस्टरला चर्चच्या तळघरात मुलांचा फुगा फुटला तेव्हा तो कोट टांगायच्या दांड्यामागे जमिनीवर होता. ऑर्विल त्याच्यासमोर कॉफीचा कप घेऊन उभा राहिला, म्हणून कुणाला दिसलं नाही.

मर्नाची बोटं भराभर चालत होती. "वा! आता लिहू दे त्यांना सामाजिक जीवन उत्तम." ती थांबली. "शेवटचा प्रश्न, मिस्टर स्टेन्सरूड. पत्रक देताना त्याच्या मनात काय चालतं, हे तुम्हाला कसं कळतं? ते आलं की निवेदन पक्कं. नाहीतर म्हणतील, म्हाताऱ्याचा अंदाज."

ऑर्विलने टेबलावरच्या कागदांच्या कडा जुळवल्या.

"ऑर्विल, राहू द्या," कर्टिस म्हणाला. "आहे तेवढं पुरेल."

"नाही पुरणार." तो मर्नाकडे वळला. "लिही." त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि तो उठून उभा राहिला. "माझी बायको, अर्डिस, बाहेर गाडीत बसलीय."

"अहो, एवढ्या थंडीत? आत बोलवा ना त्यांना."

"तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही," ऑर्विल म्हणाला. "सरकारला आधी कळलं, तर बरं दिसणार नाही."

मर्नाने कळफलकावरून हात काढून मांडीवर ठेवले.

खिडकीतून त्यांना तो दिसला. टोपी न घालताच गेला होता. गाडीपाशी वाकून त्याने काचेवर बोटाने टकटक केलं. थोड्या वेळाने दोघे आत आले. अर्डिसने पायपुसण्यावर बूट आपटले.

"डोक्यावर काही नाही, आणि म्हणे चल," ती म्हणाली. "नुसती सही करायला आलो होतो ना आपण? मी गाडी चालूच ठेवून आलेय."

"बंद करून ये," ऑर्विल म्हणाला.

अर्डिसने त्याच्याकडे पाहिलं. मग ती वळली, बाहेर गेली, आणि आतल्या तिघांना इंजिन थांबल्याचं ऐकू आलं.