बाहीची तक्रार

बसचालक बाईंनी नवा कोट अंगात चढवला, स्टिअरिंग धरल्यासारखे दोन्ही हात पुढे केले आणि पाठीमागे बाहीच्या शिवणीत टर्रकन आवाज झाला. टेलरबाईंचा चेहरा पडला. बावीस वर्षांत त्यांच्या हातची शिवण अशी गिऱ्हाइकासमोर कधी उसवली नव्हती.

गेल्या वर्षापासून त्या पॅटर्न संगणकावर काढत होत्या. सॉफ्टवेअर फुकट होतं, ठिकठिकाणच्या लोकांनी मिळून लिहिलेलं. ‘कुणीही हातभार लावावा’ असं त्याच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत होतं. माप टाकलं की पॅटर्न छापून तयार. बाई गेल्यावर त्यांनी तो कागद जमिनीवर पसरला आणि टेप लावला. छाती चव्वेचाळीसच्या वर गेली की मुंढा, म्हणजे काखेभोवतीचा गोल, वाढत होता; पण त्यात बसणारी बाही होती तेवढीच राहत होती. शिवतानाच त्यांना शंका आली होती. तरी संगणक चुकणार नाही म्हणून त्यांनी बाही ताणून बसवली होती. त्याचाच आता जास्त राग येत होता.

त्यांनी तक्रार लिहिली. दुसऱ्या दिवशी प्रकल्पप्रमुखाचं उत्तर आलं : “सूत्र तपासलं, बरोबर आहे. बदल हवा असेल तर कोड लिहून पाठवा.” खाली लाल अक्षरांत : बंद.

“झालं समाधान?” पलीकडच्या मशीनवरून नणंद म्हणाली. दुकान दोघींचं होतं. “वहिनी, फुकटच्या वस्तूला कशाला नावं ठेवतेस?”

“फुकट आहे म्हणून बायकांनी हात वर करायचेच नाहीत का गं?”

मग टेलरबाईंनी कंबर कसली. मोठ्या मापाच्या अकरा गिऱ्हाइकांना बोलावलं, प्रत्येकीची मापं पुन्हा घेतली, त्याच पॅटर्नवरून मांजरपाटाच्या कच्च्या बाह्या शिवून त्यांच्या अंगावर चढवल्या. एकीने हसत हसत माळ्यावरचा डबा काढून दाखवला. बाही तिथेच फाटली. नणंदेने कुरकुरत का होईना, सगळ्यांचे फोटो काढले. टेलरबाईंनी मापांचा तक्ता जोडला आणि बंद तक्रार पुन्हा उघडली. खाली लिहिलं, “मला कोड येत नाही. तुम्हाला बाही येत नाही. आता बोला.”

प्रमुखाऐवजी बोलली ती कुठली तरी अनोळखी प्रोग्रामर. “तक्ता अगदी स्पष्ट आहे, ताई. मी लिहिते. तपासून द्याल?”

तिने लिहिलं, टेलरबाईंनी बाही शिवून पाहिली आणि नापास केली. कोपराशी चुणी पडत होती. पुढचीही नापास. तिसरी मात्र बसचालक बाईंच्या अंगावर अशी बसली की त्यांनी दुकानातच गोल वळण घेऊन दाखवलं.

नवी आवृत्ती आली. योगदान देणाऱ्यांच्या यादीत प्रोग्रामरचं नाव होतं. टेलरबाईंसाठी तळाला एक ओळ : ‘एका वापरकर्तीचे आभार.’

“एक वापरकर्ती!” त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी लिहिलं, “आभार नकोत. नाव घाला.”

“ही यादी कोड लिहिणाऱ्यांची असते,” प्रमुखाचं उत्तर.

“मग पहिल्या पानावर तसं लिहा. ‘कुणीही’ हा शब्द खोडा. चूक शोधली कुणी? मापं घेतली कुणी? दोनदा नापास केलं कुणी? तुम्ही लावलेली बाही चुकीची होती आणि ती मी उसवली, हे काम नाही तर काय आहे?”

चौथ्या दिवशी मग प्रोग्रामरने खाली एकच वाक्य टाकलं : “त्यांचं नाव नसेल तर माझंही काढा.”

पाचव्या दिवशी यादीत ‘टेलरबाई’ आलं, पुढे ‘चाचणी आणि मापं’. सोबत ना खुलासा, ना माफी.

नणंदेने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. “मिळालं ना नाव? आता तरी गप्प बसशील?”

“थांब गं,” टेलरबाई म्हणाल्या. “पाठीला बाक असलेल्या बायकांचा पॅटर्न काढून बघितलास का? मागून नुसता फुगतो.” आणि त्यांनी नवीन तक्रारीचं पान उघडलं.