माझ्याने लाईन सोडवेना

मी मोडेम बोलतोय. टेलिफोनच्या तारेतून कॉम्प्युटरला जगाशी जोडणारा, वहीएवढा करडा डबा. आता मला तार उरलेली नाही, म्हणून तुमच्याशीच बोलतो.

कारखान्यात पहिल्यांदा तार जोडली आणि पलीकडून कुणीतरी उत्तर दिलं, तेव्हा मी थरारलो. कोण होतं, कुठे होतं, देव जाणे. एवढ्याशा तांब्यातून एवढं मोठं जग येतं कसं, याचं नवल अजून सरलेलं नाही.

मला घरी आणलं एका नकाशे काढणाऱ्या गृहस्थांनी. इमारतींचे नकाशे ते माझ्यामार्फत धाडत. भिंतीतली तार माझ्यात यायची आणि माझ्यातून पुढे टेलिफोनला जायची. माझ्या डोक्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली होती : ‘हात लावू नये. आधी विचारावे.’

"बाबा, एक पहारेकरीही बसवा ना!" धाकटी लेक म्हणायची.

थोरली लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला दवाखान्यात बाळंतपणासाठी होती. तिचा रक्तगट दुर्मीळ, आणि घरात तो फक्त धाकटीचा. धाकटीला तिथेच थांबायचं होतं. पण बाबांनी तिला घरी आणलं. "तिथे गर्दी कशाला? गरज लागली तर कळवतील. फोन आहे ना आपल्याकडे!"

आणि त्याच दुपारी त्यांनी बसल्या बसल्या एक नकाशा धाडला. "पाच मिनिटांचं तर काम."

काम झालं, त्यांनी ‘डिस्कनेक्ट’ दाबलं, आणि पडद्यावरून जोडणी गेली. पण माझ्या पोटात लाईन धरून ठेवणारा नखाएवढा खटका आहे. तो चिकटला. मला सोडायचं होतं हो! सुटेना.

तासाभराने आईने रिसीव्हर उचलला. "अहो, हा मुका झालाय."

धाकटी धावली. पुन्हा जोडून पुन्हा तोडलं. कॉम्प्युटर बंद केला. मग चिठ्ठीला न जुमानता माझं बटण दाबलं. माझे दिवे विझले.

"झालं बंद," बाबा म्हणाले.

"नाही झालं! लाईन अजून यानेच धरलीये."

"दिवे विझलेले दिसत नाहीत का तुला?"

"दिव्यांचं काय घेऊन बसलात? ताई तिकडे आहे!"

तिने माझ्यातून भिंतीची तार उपटली. रिसीव्हर तरीही मुकाच.

"घे! आता फोनही मोडलास."

 ती भिंतीपासून तारेवर बोट फिरवत आली आणि हातातल्या टोकाकडे पाहू लागली. टेलिफोनची वाट माझ्यातूनच जात होती ना! तिने फोनमधली माझी तार काढली आणि भिंतीची सरळ त्यात खोचली. मी थक्क झालो. अख्खं जग जोडणाऱ्या मला वळसा घालून जाता येतं, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

फोन लगेच खणखणला. पलीकडे तिचे भावोजी. "अगं, तासभर लावतोय! सारखा एंगेज! नीघ आधी!"

चपला हातात घेऊनच ती जिना उतरली.

 किती वेळाने कोण जाणे, पुन्हा घंटी वाजली. बाबांनी रिसीव्हर उचलला. धाकटीचा आवाज खोलीभर ऐकू आला. "दिलं रक्त. ताई शुद्धीवर आलीये. मुलगी झाली."

बाबा खुर्चीत बसले. "तिला सांग... फोन मी अडवला होता."

"ते तुम्ही सांगायचं. इथे येऊन."

त्यांनी सदरा चढवला आणि आईला म्हणाले, "चल."

मी टेबलावर तसाच पडून होतो. आजवर शेकडो नकाशे वाहिले, पण ‘मुलगी झाली’ एवढे दोन शब्द ज्या तोऱ्यात आले, त्या तोऱ्यात माझ्यातून कधी काही गेलं नाही. तेही मला बाजूला काढलं म्हणून आले.

आता मी खणात आहे. दुरुस्त करा म्हणत नाही, खुशाल भंगारात द्या. एवढंच मागणं : कुणाच्या जिवाचा फोन यायचा असेल, तर माझ्यासारख्या चिवटाची तार उपटताना कुणाची परवानगी मागत बसू नका.