वाफेच्या कपाटातले चारशे मोमो

लाँड्रीवाल्यांच्या घराण्यात माणसं त्रेसष्ट, आणि थोरल्या सूनबाईंच्या मते सगळी मिळून अक्कल साडेचार माणसांची. त्यातली चार माणसांची त्यांच्या एकट्यांकडे होती.

सासऱ्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला चारशे मोमो करायचे ठरले. पातळ पारी, आत कोबी-गाजराचं सारण, वर चुण्या घालून मिटलेलं तोंड. करण्याचं काय एवढं! पंचाईत होती ती गरम ठेवण्याची. भांड्यात एका वेळी चाळीस मावत, आणि दहावं भांडं उतरेपर्यंत पहिल्यातले मोमो पाण्यात भिजलेल्या बोटांसारखे सुरकुतून बसत. बरं, मंडळी एकदम जेवायला बसतील म्हणावं, तर एक बसला की दोघं फोटोला उठत, आणि ते परतले की तिसऱ्याला भाषण सुचे.

"वहिनी, गेल्या खेपेला थंड होते हो," धाकटी नणंद सगळ्यांदेखत म्हणाली. "यंदा स्वयंपाकाचं मीच बघू का?"

"वन्सं, यंदा एका मोमोला जरी कुणी नावं ठेवली, तर हा चिमटा तुमचा. कायमचा."

आता हा चिमटा म्हणजे साधी गोष्ट नव्हे. कुणाच्या ताटात आधी, कुणाच्या ताटात नंतर, कुणाला फुटका, हे तीस वर्षं तो चिमटा ठरवत आला होता. सूनबाईंचं सगळं राज्य त्याच्या दोन टोकांत होतं.

घराखालीच लाँड्री. तिथे कोटांच्या सुरकुत्या काढायचं वाफेचं कपाट होतं, पुरुषभर उंच. सूनबाईंनी त्यातले हँगर काढून ताटं रचली. मोमो चिकटू नयेत म्हणून खाली कोबीची पानं, वरून थेंब गळू नयेत म्हणून ताणून बांधलेलं फडकं. कपाटाच्या टाकीत एरवी कपड्यांसाठी सुगंधी पाणी घालत; ती त्यांनी तीनदा उकळत्या पाण्यानं धुतली आणि आत नाक खुपसून वास घेतला. काही नाही. "या घरात डोकं चालवायचं ते आम्हीच," त्या कपाटाला म्हणाल्या. दुसऱ्या कुणाशी बोलण्यात अर्थ नव्हता.

इस्त्रीच्या टेबलांवर चादरी अंथरून जेवणं मांडली. फोटो, भाषणं, पुन्हा फोटो, असे दोन तास गेले. मग कपाट उघडलं, आणि अशी वाफ सुटली की चष्मा धुरकटलेल्या चुलत सासऱ्यांनी दुकानाच्या दाराशी उभ्या, कोट घातलेल्या पुतळ्याच्या गळ्यात पडून त्यालाच उदंड आयुष्य चिंतलं. चुण्यांना तर इस्त्रीच्या घडीसारखी अशी कडक धार आली होती, की धाकट्या दिराचा ओठ कापला. व्रण तो अजून दाखवतो.

सगळे गपागप गिळत होते. फक्त नणंदेचा नवरा थांबला. हा अत्तराच्या दुकानात बसणारा माणूस; घराण्यात त्याला कुणी चहाचंही विचारत नसे.

"वहिनी, मोमो गरम आहेत, आतून मऊ आहेत," तो चाचरत म्हणाला, "पण... धुतलेल्या चादरीचा वास येतोय."

सगळीकडे हशा पिकला.

"वास?" सासरे गरजले. "साठ वर्षं या धंद्यात आहे मी. मला आजवर कसलाही वास आलेला नाही!"

"तुमचं आपलं काहीतरीच," नणंद नवऱ्यावर खेकसली. बोलताना तिचा अकरावा मोमो चालला होता. "ज्यांना वास येत नाही त्यांनी हात वर करा पाहू!"

एकसष्ट हात वर झाले.

सूनबाई जिंकल्या होत्या. त्यांनी एक मोमो उचलून हुंगला. काहीच नाही. ताटाखालची चादर हुंगली, कालच साबणातून निघालेली. तिलाही काही नाही. तीस वर्षं याच वाफेत गेलेलं नाक ते. टाकीचा वासही त्यांनी त्याच नाकानं घेतला होता.

त्यांनी त्या एकसष्ट हातांकडे पाहिलं. काही हात तेलकट होते.

"तुम्हाला साबणाची वडी उकडून घातली तरी बोटं चाटाल," त्या म्हणाल्या आणि चिमटा नणंदेच्या ताटात टाकला. "घ्या वन्सं."

"अहो वहिनी, पण तुम्ही जिंकलात ना!"

"यांच्या मतावर? त्यापेक्षा त्या पुतळ्याचं मत घेतलं असतं." त्या नणंदेच्या नवऱ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही वर चला."

वर स्वयंपाकघरात उरल्यासुरल्या पिठाचे सहा मोमो झाले. लहान भांड्यात उकडून सूनबाईंनी ते हातानंच बशीत काढले, बोटं भाजली तरी. भाऊजींनी एक तोंडात टाकला, डोळे मिटले. सूनबाई पुढे वाकल्या.

"बोला की! दातखीळ बसली का?"

"कोबी. मिरी. आणि..." तो घाबरत म्हणाला, "तिळाचं तेल जरा जास्त."

खाली नणंद कुणाला तरी विचारत होती, चिमटा धरायचा कुठून. सूनबाईंनी दार लावून घेतलं, तेलाची बाटली आणली आणि भाऊजींसमोर ठेवली.

"जास्त म्हणजे किती? दाखवा."