प्रमोदिनीबाईंचा अडलेला उखाणा

ज्या दिवशी प्रमोदिनीबाईंचा उखाणा अडला, त्या दिवशी मधुकर ताम्हणकर आतल्या खोलीत पलंगावर बसून तिळाची वडी खात होते. बाहेर हॉलमध्ये सोसायटीतल्या वीसेक बायका हळदीकुंकवाला जमल्या होत्या. अशा वेळी नवऱ्याने आत बसावं आणि खोकलाही दाबून काढावा, हा नियम ते लग्नापासून, म्हणजे बेचाळीस वर्षं, पाळत आले होते. कान मात्र बाहेर. बाकीच्या बायका मोबाइलमध्ये बघून नाव घेत. प्रमोदिनीबाई तोंडपाठ घेत, आणि अशा ठसक्यात, की खालच्या मजल्यावर कळावं:

"फडके रोडच्या गर्दीत दिवाळीची पहाट,
मधुकररावांची बघते मी अजूनही वाट."

दरवर्षी हाच. यंदाही "वहिनी, नाव घ्या" असा आग्रह झाला आणि त्यांनी सुरुवात केली, "माजिवड्याच्या नाक्यावर धावणार मेट्रो..." पुढे काहीच नाही. बायका थांबल्या, मधुकररावांचा वडीचा घास तोंडातच राहिला. मग प्रमोदिनीबाई म्हणाल्या, "गॅसवर दूध आहे," आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. गॅसवर दूध नव्हतं. मधुकररावांना ते पक्कं माहीत होतं, कारण दूध त्यांनीच तापवून फ्रिजमध्ये ठेवलं होतं.

आता कुणी म्हणेल, उखाणा अडला तर अडला, त्यात काय एवढं. पण त्या घरात ती साधी गोष्ट नव्हती. प्रमोदिनीबाईंच्या आईला, अक्कांना, शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता. पोटच्या लेकीला त्या "तुम्ही कोणाकडच्या?" म्हणून विचारायच्या. जेवून हात धुतला की पुन्हा पाट मांडायच्या. पण "अक्का, नाव घ्या" म्हटलं की पदर सावरून ताठ बसायच्या आणि एक अक्षर न चुकता म्हणायच्या:

"परसातल्या विहिरीला दगडी काठ,
गोपीनाथरावांचं नाव मला तोंडपाठ."

हे शेवटच्या आठवड्यापर्यंत चाललं. म्हणजे माणसाचं सगळं जातं आणि उखाणा सगळ्यांत शेवटी जातो, हे मधुकररावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. इथे तर सुरुवातच शेवटापासून झाली होती. शिवाय प्रमोदिनीबाई एरवी त्यांना 'अहो' म्हणत. त्यांच्या तोंडी नवऱ्याचं नाव यायचं ते वर्षातून एकदा, उखाण्यात. तेही पुसलं गेलं तर आपण हिच्या डोक्यात राहणार कुठे, असं मधुकररावांना वाटलं. ते घाबरले होते, आणि घाबरलेला पुरुष बायकोला सरळ काही विचारत नाही.

ते दुसऱ्या मजल्यावरच्या स्वप्नाकडे गेले. स्वप्ना सकाळी बागेत योगाचे वर्ग घेई आणि दिवसभर एका कंपनीची चूर्णं विकत असे. तिने 'स्मरणशिखर' नावाचा हिरवा डबा काढला.

"काका, एकशे आठ वनस्पती आहेत यात. ब्राह्मी, शंखपुष्पी, अश्वगंधा, सगळं. विसरभोळेपणापासून कंपवातापर्यंत सगळ्यावर चालतं. मेंदूच्या पेशी नव्या येतात."

"एकशे आठ कोणत्या?"

"ते कंपनीचं सीक्रेट आहे."

मधुकररावांनी मोहने गावातल्या रेयॉन धाग्याच्या कारखान्याच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढली होती. तपासणीचा दाखला नसलेला कॉस्टिक सोड्याचा ड्रम त्यांनी एकदा साहेबाचा फोन आला तरी गेटवरून परत पाठवला होता. त्या मधुकररावांनी डबा मुकाट्याने पिशवीत घातला आणि एवढंच म्हणाले, "हिला कळता कामा नये." स्वप्नाने गळ्याला हात लावून शपथ घेतली. घेताना ती जरा जास्तच हसली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

प्रमोदिनीबाई औषधाच्या नावाने नाक मुरडत, म्हणून चहातून द्यायचं ठरलं. त्यासाठी आधी चहा करायला शिकावं लागलं. तिसऱ्या दिवशी चहाचा रंग पावसाळी गटारासारखा आला आणि वास ओल्या पोत्यासारखा. प्रमोदिनीबाईंनी एक घोट घेतला, नवऱ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि सगळा कप संपवला. नावं न ठेवता. लग्न झाल्यापासून त्यांनी नावं न ठेवता काही खाल्लंप्यायलं नव्हतं. मधुकररावांनी वहीत नोंद केली: 'चवही गेली.'

वही ही त्यांची लॅबची सवय. रोज दोन प्रश्न विचारायचे, उत्तरं टिपायची.

"काल रात्री आपण काय जेवलो गं?"

"पिठलंभात," त्या म्हणाल्या. मग हळूच, "का हो?"

"सहज. आणि आपल्या सुश्रुतचा वाढदिवस कधी असतो?"

"एकोणीस ऑगस्ट." त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "असू दे, मी आहे ना."

उत्तरं बरोबर येत होती, पण या मऊ आवाजाची मधुकररावांनी वहीत वेगळी नोंद केली. भांडणारी बायको मऊ बोलायला लागते, म्हणजे काहीतरी आतून ढासळतंय. पुढच्या आठवड्यात फ्रिजवर चिठ्ठ्या दिसायला लागल्या: 'दूधवाला सात वाजता', 'गॅस बंद केला का', 'चष्मा कपाळावर बघा'. बिचारी स्वतःसाठी लिहून ठेवतेय, असं त्यांना वाटलं. चष्मा त्या वापरत नव्हत्या, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग आमटी कडू झाली. एक दिवस, दोन दिवस, मग रोजच. जिच्या आमटीसाठी बाळकुमवरून मुलगा-सून रविवारी धडकत, तिला आमटी जमेना. मधुकरराव कडू आमटी डोळे मिटून गिळत आणि वर "छान झालीय" म्हणत. दुपारी दोघंही जेवून जे आडवे होत ते पाचलाच उठत. ती इतकी झोपते याची त्यांनी नोंद केली. स्वतःच्या झोपेला त्यांनी म्हातारपण म्हटलं.

शेवटी एका दुपारी कुकर करपून कोळसा झाला आणि दोघांनाही जाग आली ती शेजाऱ्यांनी बेल वाजवल्यावर. मधुकररावांनी गॅलरीत जाऊन सुश्रुतला फोन लावला. "आईला दाखवायला हवं रे. तिला कळू न देता." सुश्रुत म्हणाला, "बाबा, मैथिली बघतेय त्याचंच." सुनेला आधीच कसं कळलं, हे त्यांनी विचारलं नाही.

माजिवड्याला मेंदूच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. सुश्रुत गाडी घेऊन आला. वाटेत मधुकररावांनी बायकोचा हात धरला, तर तिनेच त्यांचा हात थोपटला आणि म्हणाली, "घाबरू नका हं." याचा अर्थ काय लावावा हे त्यांना कळेना.

डॉ. समीक्षा तरुण होत्या, पस्तिशीच्या. समोर दोन खुर्च्या. त्यांनी विचारलं, "पेशंट कोण?"

मधुकररावांनी शेजारी बोट दाखवलं. त्याच क्षणी शेजारच्या बोटाने त्यांच्याकडे दाखवलं.

"मी यांना घेऊन आलेय," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "महिनाभर विचित्र वागतायत. कालचं जेवण आठवत नाही, दुपारी झोपतात ते पाचलाच उठतात, मुलाचा वाढदिवस मला विचारतात. आणि डॉक्टर, हे चहा करतात."

"अगं, ती तुझी परीक्षा होती."

"माझी? कसली?"

डॉ. समीक्षांनी शांतपणे दोन फाइली पुढे ओढल्या. "मैथिलींनी दोघांचीही नावं दिली आहेत. दोघांनाही तपासू. सध्या काही औषध चालू आहे का?"

"बीपीची गोळी, दोघांनाही," मधुकरराव म्हणाले. खोटं बोलायची वेळ नव्हती. त्यांनी पिशवीतून हिरवा डबा काढला. "आणि हिला हे. चहातून."

प्रमोदिनीबाईंनी डब्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच्या पर्समधून तसाच हिरवा डबा काढून त्याच्या शेजारी ठेवला. "यांना. आमटीतून."

मधुकररावांना ती कडू आमटी आठवली. स्वप्नाची शपथही आठवली, आणि ती का हसत होती तेही.

डॉक्टरांनी दोन्ही डबे उलटसुलट करून पाहिले. "यात नेमकं काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही. याने स्मृतिभ्रंश किंवा कंपवात थांबतो असा पुरावा मी तरी पाहिलेला नाही. दुपारची एवढी झोप बहुतेक याच्यामुळेच असणार. आजपासून दोन्ही बंद. आणि आजी-आजोबा, एकमेकांच्या ताटात काही मिसळायचं नाही."

मग तपासणी सुरू झाली. पाच शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले. प्रमोदिनीबाईंनी पाचही सांगितले. मधुकरराव 'पेरू' विसरले, आणि प्रमोदिनीबाईंनी तो ओठ हलवून त्यांना सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा डॉक्टरांनी बाईंना खिडकीकडे तोंड करून बसायला लावलं.

"आजी, आता तुमच्या मिस्टरांचं नाव सांगा."

प्रमोदिनीबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. डॉक्टरांचं पेन कागदावर थांबलं होतं. मधुकररावांना वाटलं, आपण उठावं आणि ओरडून आपलं नाव सांगावं. मधुकर, अगं, मधुकर. दहा सेकंद गेले असतील. त्यांना ते अक्कांच्या चार वर्षांएवढे वाटले.

"असंच कसं सांगू?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून ताठ बसल्या.

"माजिवड्याच्या नाक्यावर मेट्रोचे खांब,
मधुकररावांसोबत प्रवास अजून लांब."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मधुकररावांनी चष्मा काढून पुसला, आणि पुसत राहिले.

"महिना झाला, जुळत नव्हतं," प्रमोदिनीबाई डॉक्टरांना सांगत होत्या. "मेट्रोला यमक आहे का मराठीत? समोर खांब दिसले तेव्हा डोक्यात आलं, मेट्रो मधे घ्यायची, शेवटी नाही."

"म्हणजे हळदीकुंकवाला तू विसरली नव्हतीस?"

"विसरेन कशी? तुम्हीच आदल्या दिवशी म्हणालात, तोच फडके रोड घेणार का, लोक कंटाळले. म्हटलं, नवा करावा. अर्ध्यावर अडकले, मग लाज वाटली. आठवत नाही तुम्ही बोललेलं?"

मधुकररावांना खरंच आठवत नव्हतं. डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं, आणि ते काय लिहिलं हे विचारायचा त्यांना धीर झाला नाही.

"आजोबा, आता तुम्ही. पत्नीचं नाव?"

"प्रमोदिनी."

"असंच?" प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

त्यांनी प्रयत्न केला. लग्नात एक घेतला होता, त्यातलं फक्त 'श्रीखंड' आठवलं. ते खिडकीबाहेर पाहू लागले, पण खांब तर बायकोने आधीच वापरून संपवले होते. "लिहा, डॉक्टर," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "अडले."

डॉक्टर हसल्या. वयाच्या मानाने दोघंही ठीक आहेत, वर्षभराने पुन्हा या, असं त्यांनी सांगितलं.

परतताना सुश्रुतने गाडी माणकोलीच्या बाजूने घेतली. मागच्या सीटवर मधुकररावांनी घसा साफ केला.

"चहा म्हणून पाजला ब्राह्मीचा काढा,
प्रमोदिनीच्या नावाचा रोज म्हणतो पाढा."

पुढे गाडी चालवणारा सुश्रुत हसला. प्रमोदिनीबाई हसल्या नाहीत. "पुन्हा म्हणा," त्या म्हणाल्या.

"बरा आहे ना?"

"बरा आहे, म्हणून तर पाठ करा." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आईचं बघितलंत तुम्ही. सगळं गेलं, तेवढं राहिलं. माझ्याकडे आता दोन आहेत, एखादा तरी राहील. तुमच्याकडे राहायला एकही नव्हता. मला तीच भीती होती हो सगळा महिना."

मधुकररावांनी तिचा हात घट्ट धरला आणि पुन्हा म्हटला. 'पाजला'च्या जागी 'दिला' झालं. तिने दुरुस्त केलं. मग आणखी एकदा. खाडीवरच्या पुलाच्या मध्यावर त्यांनी कुठेही न अडता, पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत सरळ म्हणून दाखवला.

प्रमोदिनीबाईंनी ऐकून घेतलं. "आता उद्या सकाळी विचारीन," त्या म्हणाल्या.