खटक्यावरची गाडी

लोरेनची गाडी हवेत होती म्हणून लोरेन अजून घरात होती. नॉर्बच्या संसाराला आता एवढाच आधार उरला होता: गॅरेजमधले दोन लोखंडी खांब, गाडीला पोटाखालून धरणारे चार हात आणि ती खाली येऊ नये म्हणून अडकवलेले खटके.

मिशिगनमधल्या त्यांच्या गल्लीत घरी गाडी उचलायची लिफ्ट बसवलेला नॉर्ब एकटाच. बाकीच्यांनी त्या पैशात बोटी घेतल्या होत्या आणि त्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवल्या होत्या. नॉर्बची लिफ्ट निदान वर-खाली तरी व्हायची.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी शेवया गाळता गाळता लोरेन म्हणाली होती, "मी टूसनला बहिणीकडे जातेय. कायमची." स्वयंपाकघरात वाफ झाली होती, त्यामुळे तिचा चेहरा काही नॉर्बला दिसला नाही. तो म्हणाला, "तुझ्या गाडीच्या ब्रेकच्या नळ्या गंजल्यात. बर्फासाठी रस्त्यावर टाकतात त्या मिठानं. तशी नेऊ नकोस."

"किती वेळ लागेल?"

"एका दुपारचं काम आहे."

ते खरोखरच एका दुपारचं काम होतं. पहिल्याच शनिवारी त्यानं स्टेशन वॅगन वर चढवली, नळ्या बदलल्या, ब्रेकचं तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. ब्रेक नव्यासारखे झाले. मग तो गाडीखाली उभा राहून बराच वेळ वर बघत राहिला. ही खाली उतरली की लोरेन जाणार, हे त्याला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. आत जाऊन तो म्हणाला, "लिफ्टचं तेल थोडं कमी वाटतंय. तपासल्याशिवाय उतरवणं बरं नाही."

तेव्हापासून तपासणी सुरू झाली. आता एप्रिल लागला होता.

नॉर्ब खोटं बोलणाऱ्यातला नव्हता. रोज सकाळी तो हातबॅटरी घेऊन जायचा आणि दोष सापडेपर्यंत परत यायचा नाही. एकदा लिफ्टच्या डावीकडच्या एका हाताचं रबर चिरलेलं निघालं. रबर त्यानं ऑरेगनच्या एका म्हाताऱ्याकडून मागवलं, कारण तो म्हातारा पार्सलं स्वतःच्या सवडीनं पाठवायचा. एकदा दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण सारखा नव्हता. एकदा खटक्याला वंगण नव्हतं, मग वंगण जास्त झालं. नाश्त्याला तो हे सगळं सविस्तर सांगायचा आणि लोरेन टोस्टला लोणी लावत ऐकायची. असं करता करता ती अख्ख्या परगण्यातली सगळ्यात निगा राखलेली लिफ्ट झाली. घर मात्र तसंच होतं.

लोरेनचा वाचायचा चष्मा वॅगनमध्ये राहिला होता. शिडी लावून काढू म्हणाली, तर टांगलेल्या गाडीला शिडी लावायची नसते, असं नॉर्बनं सांगितलं. तेव्हापासून ती चर्चचं पत्रक हात लांब करून वाचायची. दातांच्या दवाखान्यात ती स्वागतकक्षात बसायची, तिथे शेजारचा डुएन तिला आपल्या ट्रकमधून सोडायचा.

एप्रिलातल्या एका शनिवारी सकाळी लोरेननं दोन सुटकेसा आणून गॅरेजच्या दारात ठेवल्या.

"आज," ती म्हणाली.

"मी बघतो तपासून."

"बघ. दहा वाजता मी स्वतः उतरवणार आहे."

"तुला कुठे येतं?"

"आधी बटण दाबून जरा वर घ्यायची, म्हणजे खटक्यांवरचा भार सुटतो. मग दोन्हीकडचे खटके ओढायचे. मग दांडा दाबून सावकाश खाली. खाली कुणी नाही ना, हे बघून." एवढं बोलून ती त्याच्याकडे बघत राहिली. "दोन महिने नाश्त्याला हेच खातेय मी."

नॉर्ब बॅटरी घेऊन आत गेला. तेल बरोबर होतं. तारा सारख्या होत्या. रबरं नवीकोरी होती. या लिफ्टमध्ये दोष उरलाच नव्हता; सगळे त्यानंच दुरुस्त करून टाकले होते. आपल्या हातानं आपला घात केला म्हणतात तो असा. खांब जमिनीला धरून ठेवणारे बोल्ट तेवढे राहिले होते. ते त्यानं मुद्दामच शेवटी ठेवले होते, लहान पोरं ताटातला आवडता घास ठेवतात तसे.

पंप असलेल्या खांबाच्या पहिल्या नटाला त्यानं पाना लावला. नट ठरलेल्या जोराइतका घट्ट असला की हा पाना 'टक' असा आवाज करतो. आवाज झाला नाही. नट फिरला. फिरतच राहिला. दुसराही फिरला. नॉर्बनं गुडघ्यावर बसून बॅटरी मारली. काँक्रीटला केसाएवढी चीर गेली होती, आणि खांबाच्या मागच्या बाजूला, बूड आणि जमीन यांच्यामध्ये, त्याचं नख सहज आत गेलं.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला. खरा दोष! आठवडा, कदाचित दोन आठवडे! मग त्यानं मान वर करून पाहिलं. दीड टनाची गाडी त्याच्या डोक्यावर होती, आणि तिला धरणारा खांब जमिनीतून उखडत होता.

तो लहान मुलासारखा रांगत बाहेर आला.

"लोरेन, हात नको लावू. बोल्ट सुटलेत. खांब पडेल."

लोरेन हसली. वाईट हसली नाही. लग्नाच्या सुरुवातीला हसायची तशी हसली, आणि तेच जास्त वाईट होतं.

"हे छान आहे. हे तू शेवटी ठेवलं होतंस?"

"हो. म्हणजे, नाही. खरंच सुटलेत."

"डुएन!" तिनं रस्त्यापलीकडे हाक मारली. "इकडे ये जरा!"

डुएन कॉफीचा मग घेऊन आला. त्याच्याकडे लिफ्ट नव्हती, पण लिफ्टविषयी मतं भरपूर होती. त्यानं खांबाभोवती एक फेरी मारली आणि बुटानं खांबाला लाथ घातली.

"अरे!" नॉर्ब ओरडला.

"काही होत नाही रे. सॉलिड आहे. माझा मेहुणा तर नुसत्या विटांवर गाडी ठेवायचा."

"त्याला तीन बोटं कमी आहेत."

"ती मासे धरताना गेली," डुएन म्हणाला. "नॉर्ब्या, आता बास कर ना. बिचारीला जाऊ दे. आणि मलाही सकाळी जरा झोपू दे."

लोरेन बटणाकडे निघाली. बटणही त्याच खांबावर होतं. नॉर्ब तिच्या आडवा उभा राहिला. आयुष्यात तो तिच्या वाटेत कधी आडवा आला नव्हता, त्यामुळे दोघांनाही पुढे काय करायचं ते कळेना.

"ब्रेक पहिल्याच शनिवारी झाले होते," तो म्हणाला. "बाकीचं सगळं... खोटं नव्हतं, पण त्याची गरज नव्हती. हे मात्र खरं आहे. हे वेगळं आहे."

डुएननं मगात पाहिलं आणि कॉफी संपली असल्यासारखा घरी निघून गेला. कॉफीचा मग भरलेला होता.

"मला माहीत होतं," लोरेन म्हणाली.

"काय?"

"ब्रेक झालेत ते. जुन्या नळ्या कचऱ्याच्या डब्यात होत्या. कचरा मी बाहेर नेते, नॉर्ब. तेवीस वर्षं मीच नेते."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"कारण मला वाटलं, तू बोलशील." तिनं कोटाचं बटण लावलं, काढलं. "म्हटलं, याला मी जायला नको आहे. बरंय. मग रोज टेबलावर येऊन बसले. आज बोलेल, उद्या बोलेल. एक वाक्य. कसलंही. तू मला रबराचं सांगितलंस. तारांचं सांगितलंस. एक दिवस तू डोळ्यांत पाणी आणून सांगायला लागलास, आणि ते वंगणाबद्दल निघालं."

नॉर्बचं तोंड उघडं होतं. आत वाक्य होतंही. ते कुठल्या टोकाकडून धरून ओढायचं, ते त्याला समजेना. खांबाचा करकर असा बारीक आवाज आला.

"खांबापासून लांब हो," तो म्हणाला.

लोरेननं डोळे मिटले आणि उघडले. "हं," ती म्हणाली.

"रस्त्यापर्यंत जा. सुटकेसा घेऊन जा. मी उतरवतो."

ती गेली. फुटपाथवर दोन सुटकेसांमध्ये उभी राहिली, बसची वाट बघत असल्यासारखी.

अशा वेळी त्या खांबाला हातही लावायचा नसतो. भोवती कुणाला फिरकू द्यायचं नाही, गाडीखाली उंच आधार देणारी माणसं बोलवायची आणि ती येईपर्यंत थांबायचं. हे नॉर्बइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तो खांबाला खेटून उभा राहिला आणि त्यानं बटण दाबलं. पंप गुणगुणला. गाडी बोटभर वर गेली, खांब बोटभर पुढे झुकला. त्यानं खटके ओढले, दांडा धरला आणि गाडी सावकाश खाली आणू लागला. सावकाश म्हणजे इतकी, की पलीकडे डुएन खिडकीत येऊन उभा राहिला. अर्ध्यावर एक बोल्ट दात निखळावा तसा जमिनीतून निघाला आणि त्याच्या बुटावर पडला. वॅगन एका बाजूला कलली. नॉर्बनं दांडा सोडला नाही. चाकं टेकली. मग तो वाकलेल्या खांबाखाली बसून एकेक करत चारही हात गाडीखालून बाजूला करू लागला, आणि शेवटचा हात बाजूला केल्यावर तसाच बसून राहिला.

लोरेन दारात आली. तिनं खांब पाहिला. तो दारुड्यासारखा पुढे झुकून भिंतीवरच्या फळीला टेकला होता.

"म्हणजे खरंच होतं."

"हो."

"तो तुझ्यावर पडला असता."

"हो."

"मग तू तिथे का उभा राहिलास?"

हा प्रश्न तिनं अगदी हळू विचारला. आणि मग ती थांबली. सुटकेस हातात होती, ती तिनं खाली ठेवली. गाडी आता जमिनीवर होती, लोरेनला कुठलीच घाई नव्हती. ती पुरेसा वेळ थांबली, हे नॉर्बनंही नंतर कबूल केलं असतं, कुणी विचारलं असतं तर.

"दांडा त्याच खांबावर आहे," नॉर्ब म्हणाला.

लोरेननं मान हलवली. सुटकेस उचलली, गाडीत मागे ठेवली, दुसरी आणून ठेवली. आत बसल्यावर तिला चष्मा सापडला. तो डोळ्यांवर चढवून तिनं एकदा नॉर्बकडे नीट बघितलं आणि परत काढून ठेवला. वॅगन मागच्या मागे बाहेर गेली, वळली, आणि डुएननं खिडकीतून हात केला.

नॉर्बनं पिवळी दोरी काढली आणि दोन्ही खांबांभोवती बांधली. एका पुठ्ठ्यावर 'वापरू नये' असं लिहून तो दोरीला लावला. मग तो कुणी जवळ जाऊ नये म्हणून तिथेच उभा राहिला. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही.