सुचित्रा घाडीचा तास

व्हायरलने अंथरूण धरायला लावलं तेव्हा यशोधन विजयकरांनी स्वतःच सुचित्राला फोन केला होता. "तिसऱ्या वर्षाचे माझे तास घे जरा. लोकशाही आणि हुकूमशाहीचा पेपर. नोट्स कपाटात आहेत, त्यातून वाचून दाखवलंस तरी चालेल."

दादरच्या त्या कॉलेजात यशोधन राज्यशास्त्राचे विभागप्रमुख. हा पेपर त्यांनीच सुरू केलेला आणि आजवर दुसऱ्या कुणी शिकवलेला नव्हता. सुचित्रा घाडी त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. लालबागच्या चाळीत वाढलेली, वडील धोंडू घाडी गिरणीत होते. यशोधननीच तिला विभागात आणलं होतं, आणि ते चारचौघांत सांगायला त्यांना आवडायचंही.

ताप उतरल्यावर ते वर्गावर गेले. खडू घेऊन फळ्याकडे वळतात तोच परळहून येणारा संघर्ष नावाचा विद्यार्थी उठून म्हणाला, "सर, दौलतशेठचं पुढे काय झालं?"

"कोण दौलतशेठ?"

वर्गात खसखस पिकली. मग सलोनीने सगळं समजावलं. दौलतशेठ म्हणजे सुचित्रा मॅडमच्या चाळीचा अध्यक्ष. दरवर्षी सभा भरते, हात वर होतात आणि तोच निवडून येतो. मॅडमनी घरोघरी ओट्याशी बसून बायकांना, म्हाताऱ्यांना विचारलं, तर तो कुणालाच नको होता. "पण सर, प्रत्येकाला वाटतं, बाकीच्यांना तो हवाय. शिवाय पाण्याच्या पंपाची चावी त्याच्याकडे. मग हात कोण खाली ठेवणार? मॅडम म्हणाल्या, चिठ्ठ्या टाकून मतदान झालं ना, तर तो त्याच दिवशी पडेल."

"चाळीच्या कमिटीला हुकूमशाही म्हणत नाहीत," यशोधन म्हणाले आणि दक्षिण अमेरिकेतल्या लष्करशहांवरच्या नोट्स त्यांनी उघडल्या. मुलांनी निमूट वह्या काढल्या. तासभर कुणी काही विचारलं नाही. एवढी वर्षं या शांततेला ते शिस्त समजत आले होते. त्या दिवशी ती त्यांना टोचली.

पंधरवड्याने सुचित्रा पेढे घेऊन स्टाफरूममध्ये आली. तिचा चाळीवरचा लेख परदेशातल्या एका नावाजलेल्या नियतकालिकाने स्वीकारला होता. त्याच नियतकालिकाने यशोधनचे लेख पुन्हा पुन्हा साभार परत पाठवले होते, आणि ते बायको प्रितीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं.

"पहिला पेढा सरांना," सुचित्रा म्हणाली. "तुम्ही शिकवलंत म्हणून झालं हे."

"छे, छे. तुझी मेहनत," ते म्हणाले. तिने मिरवलं असतं तरी बरं होतं; रागवायला निमित्त मिळालं असतं. तिने तेवढीही सोय ठेवली नव्हती.

त्या दिवसापासून ते तिला हेरू लागले. तिच्या वर्गातून हसण्याचा आवाज आला की पाय आपोआप मंदावत. तिच्या टेबलाभोवती मुलं दिसली की ते घड्याळाकडे बघत, "तास नाहीत का रे तुम्हाला?" गिरगावातल्या एका व्याख्यानमालेने तिला बोलावलं. गिरगाव म्हणजे यशोधनचं जन्मगाव. त्याच सभागृहात वडिलांच्या शेजारी बसून त्यांनी लहानपणी व्याख्यानं ऐकलेली. त्यांना तिथून आजवर आमंत्रण आलं नव्हतं. डोकं दुखतंय सांगून ते घरी राहिले. प्रिती मात्र गेली आणि परत आल्यावर जेवताना सुचित्राबद्दलच बोलत राहिली. यशोधननी आमटीत मीठ कमी असल्याची तक्रार केली.

नवं सत्र सुरू होण्याआधी संघर्ष आणि सलोनी केबिनमध्ये आले. "सर, पेपरचा अर्धा भाग सुचित्रा मॅडम शिकवतील का? आणि त्या आम्हाला चाळीची सभा बघायला नेणार होत्या..."

"बघू. नियमात बसलं तर," ते म्हणाले.

ते बसणार नाही याची व्यवस्था त्यांनी केली, तीही पूर्ण नियमांत राहून. ज्येष्ठतेनुसार पेपर त्यांच्याकडेच राहिला. सुचित्राला पहिल्या वर्षाचे सक्तीचे तास मिळाले, सगळे दुपारच्या पेंगुळल्या वेळेला. चाळीची भेट 'परवानगीअभावी' रद्द झाली. विभागाच्या बैठकीत त्यांनी वेळापत्रक वाचलं आणि विचारलं, "कुणाची हरकत?"

निवृत्तीला आलेले रमाकांत देसाई चष्मा पुसत म्हणाले, "छान बसवलंय." सुचित्राने वेळापत्रकाकडे पाहिलं, मग सरांकडे, आणि म्हणाली, "ठीक आहे, सर." तिने भांडायला हवं होतं असं त्यांना वाटून गेलं.

सत्राच्या तिसऱ्या आठवड्यात ते शिकवत होते की हुकूमशहाला खरं कधीच कळत नाही. लोक घाबरतात, म्हणून खोटी स्तुती करतात. स्तुती होते, म्हणून त्याला वाटतं सगळं आलबेल आहे.

"मग सर, त्याला खरं जाणून घ्यायचं असेल तर?" सलोनीने विचारलं.

"लोकांना विचारावं लागेल."

"विचारलं तर सगळे म्हणणार, छान बसवलंय," मागून कुणीतरी बोललं.

हशा फुटला आणि दुसऱ्याच क्षणी थांबला. सगळ्यांनी यशोधनच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि माना खाली घातल्या. बैठकीतली गोष्ट वर्गापर्यंत पोचली होती. यशोधन पुढच्या मुद्द्याकडे वळले, पण खडू बोटांत मोडला.

शनिवारी रमाकांतनी बातमी दिली. सुचित्राच्या खटपटीने चाळीत पहिल्यांदाच चिठ्ठ्यांवर मतदान होणार होतं, आणि मुलं आपली आपण बघायला जाणार होती. यशोधनच्या डोक्यात तिडीक गेली. रविवारी प्रितीला काही न सांगता ते टॅक्सीने लालबागला गेले. रद्द केलेल्या भेटीला सुचित्रा मुलांना घेऊन गेली, हे डोळ्यांनी पाहिलं की तिला जाब विचारायला मोकळे.

चाळीच्या पटांगणात खुर्च्या मांडल्या होत्या. शेजारच्या गाळ्यातल्या मिरचीच्या खकाण्याने निम्मी सभा शिंकत होती. यशोधन जिन्याखाली उभे राहिले. पलीकडे त्यांचा अर्धा वर्ग होता, बाजूला सुचित्रा. पुढे पांढऱ्या सदऱ्यातला दौलतशेठ सगळ्यांना हात जोडत होता. 'हवा' की 'नको' लिहिलेल्या चिठ्ठ्या मोजून झाल्या आणि निकाल वाचला गेला.

दौलतशेठ निवडून आला होता. चांगल्या मतांनी, आणि कुणाची चिठ्ठी कुणाला दिसलेली नसताना.

यशोधनना आधी जाणवला तो आनंद. पोटातून वर आलेला, निव्वळ, लहान मुलासारखा. चुकली! छापून येणारा लेख, ते व्याख्यान, सगळं फोल. ते सुचित्राच्या चेहऱ्याकडे बघू लागले. तो पडलेला बघायलाच जणू ते एवढ्या लांब आले होते.

चेहरा पडला, पण क्षणभरच. मग ती मुलांकडे वळली. तिचे डोळे चमकत होते. "माझं चुकलं रे! साफ चुकलं. भीती नव्हतीच, किंवा नुसती भीती नव्हती. मग काय होतं? चला, शोधू या." मुलं तिच्याभोवती गोळा झाली. सगळी एकदम बोलत होती.

यशोधनचा आनंद तिथेच विझला. वर्गासमोर 'माझं चुकलं' हे शब्द आपण कधी उच्चारले होते, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"सर!" सुचित्राने त्यांना पाहिलं होतं. मुलं दोन पावलं मागे सरली. पण ती सरळ पुढे आली. "बरं झालं आलात. तुम्ही इतकं वाचलंय. लपून मत द्यायला मिळालं तरी लोक त्यालाच का देतात?"

उत्तर यशोधनच्या ओठांवर होतं. त्यावर एक लेख होईल, आपला स्वतःचा, हाही विचार त्याच वेळी मनात येऊन गेला. तिची आई सुभद्रा दारातून हाका मारत होती, "येवा सर, बसा! चाय घेतल्याशिवाय जाऊचा नाय!"

"तू त्यांना विचारलंस, दौलतशेठ हवा का," यशोधन सावकाश म्हणाले. "त्याच्या जागी दुसरं कोण, हे विचारलंस का? बरेच सत्ताधारी लोकांना आवडतात म्हणून टिकत नाहीत. दुसरं कुणी उभं राहण्याजोगं ते शिल्लकच ठेवत नाहीत. मग लोक प्रामाणिकपणे त्यालाच मत देतात."

सुचित्राने लगेच विचारलं, "सर, हे असं वर्गात का नाही सांगत तुम्ही?"

ते चहाला बसले.

घरी प्रितीने विचारलं, "कुठे होतास?"

"लालबागला. सुचित्राचा सिद्धांत आज कोसळला."

प्रिती त्यांना इतकी वर्षं ओळखत होती. "मग बरं वाटलं असेल तुला."

"वाटलं," ते म्हणाले. "थोडा वेळ."

सोमवारी त्यांनी वेळापत्रक बदललं. अर्धा पेपर सुचित्राकडे गेला. कारण कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तिच्या पहिल्या तासाला ते केबिनमध्ये दार लावून बसले. भिंतीपलीकडून हसण्याचा आवाज आला आणि छातीत नेहमीची कळ उठली. ती गेली नव्हती. जाईल असं त्यांना वाटतही नव्हतं. दहा मिनिटं त्यांनी कळ सोसली. मग ते उठले, मागच्या दाराने तिच्या वर्गात शिरले आणि शेवटच्या बाकावर संघर्षला सरकायला सांगून बसले.