ताप न येणारं घर

पद्माबाईंनी सुनेची बॅग स्वतः उचलून रिक्षात ठेवली. नववा महिना लागलेली पल्लवी दाराशी टेकून उभी होती. तिच्या रक्तात काविळीचा विषाणू, हिपॅटायटिस बी, सापडून आठ दिवस झाले होते. तेव्हापासून तिचं ताट-भांडं वेगळं झालं होतं, आणि आज तिला माहेरी हट्ट्याला धाडायचं ठरलं होतं. तिथे म्हातारी आई एकटीच असते, हे साऱ्या साखरा गावाला ठाऊक होतं.

तेवढ्यात उपकेंद्रातली कहकशा सिस्टर घरातल्या सगळ्यांच्या तपासणीचे कागद घेऊन आली.

"मावशी, तिला धाडू नका. बाळंतपण हिंगोलीच्या दवाखान्यातच करा. एका दिवसाच्या आत लेकराला दोन इंजेक्शनं द्यावी लागतेत. न्हाई तर हा रोग त्याला जल्मभर सोडनार न्हाई."

"रोग तिनंच आनला," पद्माबाई म्हणाल्या. "आमच्या घरात कुनाला साधा ताप येत न्हाई. मला तर गोळी ठाऊक न्हाई. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

खोटं नव्हतं ते. बाई धडधाकट होत्या आणि त्याचा त्यांना तोराही होता. कहकशाला मात्र ते ऐकून धास्तीच वाटली.

"ताप आपलं शरीरच आनतं मावशी, विषाणूशी भांडताना. ह्याची चाल न्यारी हाय. लेकरू पोटात असतानाच आईच्या रक्तातून ह्याचं एक प्रथिन त्याच्यात उतरतं आन् शरीराला पटवतं, की हा घरचाच हाय. मग शरीर भांडतच न्हाई. ना ताप, ना तकलीफ. आतल्या आत लिव्हर खात राहतो, वर्सानुवर्स."

"म्हंजे लेकराला आईकडून येतो?"

"बहुतेक वेळा."

पद्माबाईंनी सुनेकडे बघून मान हलवली.

कहकशाने आवाज खाली आणला. "तुमच्या मालकांचा कागद साफ हाय. पल्लवीच्या नवऱ्याचा, आयुषचा न्हाई. त्याला लहानपनापासून असावा, असं डॉक्टर म्हनतात. आन् हा तुमचा."

पद्माबाईंना वाचता येत होतं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि रिक्षावाल्याला बॅग खाली घ्यायला सांगितलं. मग तिथेच पायरीवर बसल्या. यावर औषध आहे, सगळ्यांना मिळेल, असं कहकशा सांगत होती.

"माझा थोरला पोट फुगून गेला," त्या म्हणाल्या. "दारू पितो म्हनून मीच त्याला घरातून काढलं. शेवटपर्यंत म्हनत होता, आई, मी दारूला शिवलो बी न्हाई."